बशी फुटते, मग तिच्याच जातीची भुकटी घातलेले रबर का वाकते?

प्रश्न : अंगावर चिकटवायच्या अँटेना आणि संवेदकांसाठी रबरात सिरॅमिकची भुकटी मिसळतात, असे वाचले. सिरॅमिक ठिसूळ असते. मग असे रबर वाकवल्यावर तडकत का नाही? मुळात ती भुकटी घालायचीच कशासाठी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बशीत सिरॅमिक सलग असते, त्यामुळे एका जागी पडलेली चीर आरपार धावते. या मिश्रणात सलग असते ते रबर. सिरॅमिकचे बारीक कण त्यात सुटे विखुरलेले असल्याने पट्टी वाकवली तरी एकही कण वाकत नाही, वाकते ते कणांमधले रबर.

भुकटी घालण्याचे मुख्य कारण विद्युत गुणधर्मांत आहे. रबराचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो याचे माप) साधारण २ ते ३ असतो; सिरॅमिकच्या भुकटीने तो वाढवता येतो. अँटेनाचा आकार तरंगलांबीवर ठरतो आणि पदार्थातील तरंगलांबी या स्थिरांकाच्या वर्गमुळाच्या पटीने घटते. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी हवेत १२.५ सेंटिमीटर असते, तर स्थिरांक ९ असलेल्या पदार्थात ती ४.२ सेंटिमीटरच्या आसपास येते. मनगटावर मावणारी अँटेना हवी असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या सिरॅमिकचा स्थिरांक सुमारे ३०० आहे. ते आकारमानाने ३० टक्के मिसळले तर सरळ सरासरीने नव्वदीच्या पुढचा आकडा मिळायला हवा, पण प्रत्यक्षात तो दहाच्या आसपासच राहतो. या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. दोन कणांमध्ये रबराचा पातळ थर असतो आणि बहुतेक विद्युतदाब त्या थरातच खर्ची पडतो. एकसर (एकापुढे एक) जोडलेल्या दोन धारित्रांपैकी (कपॅसिटरपैकी) लहान धारित्रावर जास्त दाब येतो, तसेच हे आहे. म्हणून कण कितीही सरस असले, तरी मिश्रणाची मर्यादा रबरच ठरवते.

यामुळे रबराची निवडही जपून करावी लागते. सिलिकोन रबर त्वचेला मानवते, परंतु उच्च वारंवारितेला त्यात ब्यूटाइल रबरापेक्षा अधिक ऊर्जा वाया जाते. टायरच्या ट्यूबमध्ये वापरले जाणारे ब्यूटाइल रबर हवेप्रमाणेच बाष्पालाही फारसे आत येऊ देत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा आहे. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत ब्यूटाइल रबर आणि सिरॅमिक यांच्या अशा मिश्रणांवर चांगले संशोधन झाले आहे.

आता तडकण्याविषयी. कण ताणले जात नसल्याने पट्टी १० टक्के ताणली, तर कणांमधल्या रबराला त्याहून बरेच अधिक ताणावे लागते. भुकटी वाढवत नेली की पट्टी कडक होते, कणांच्या पृष्ठभागापासून रबर सुटू लागते आणि तिथल्या पोकळ्या जोडल्या जाऊन चीर पडते. म्हणून कणांवर आधी सिलेन या सिलिकॉनयुक्त संयुगाचा लेप देतात. त्यामुळे रबर कणांना घट्ट धरून राहते. तरीही सांध्यांजवळची त्वचा ३० टक्क्यांपर्यंत ताणली जात असल्याने, कोपरावर लावायच्या पट्टीत भुकटी कमी ठेवून अँटेना थोडी मोठी होऊ देणे मला अधिक योग्य वाटते.