वाहता कान: आधी टिपा, मग थेंब

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा कान वर्षभर वाहतोय. अँटिबायोटिकचं सिरप दिलं की आठवडाभर थांबतो, सर्दी झाली की पुन्हा सुरू. दुखत मात्र नाही. दुसरं सिरप देऊन बघू का?

उत्तर: दुसऱ्या सिरपानेही बहुधा हेच होईल. कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल तर तो जुनाट संसर्ग समजायचा. यात पडद्याला भोक पडलेलं असतं. पुवाला बाहेर यायला वाट मिळते, म्हणून दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो.

पोटात घेतलेलं औषध कानाच्या सुजलेल्या अस्तरापर्यंत फार थोडं पोचतं. मोठ्या माणसाने सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर रक्तात दर मिलिलिटरला जेमतेम २ ते ३ मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ०.३ टक्क्यांच्या थेंबांत दर मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम असतं, आणि ते थेट दुखण्याच्या जागी पडतं. शिवाय अशा कानात नेहमी सापडणारा स्यूडोमोनास हा जिवाणू मुलांच्या नेहमीच्या अमॉक्सिसिलिनला दाद देत नाही. तेव्हा एकदा कान तपासून घ्या आणि थेंबांबद्दल विचारा. एरवी दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे, असा त्यांचा क्रम असतो. ताप किंवा दुखणं नसेल तर सिरपाची सहसा गरज पडत नाही.

प्रश्न: मी आरोग्यसेविका आहे. आमच्याकडे पू ओढून काढायचं यंत्र नाही, मायक्रोस्कोप नाही. थेंब देते, पण गुण येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण खरं काम तुमच्याच हातून होणार आहे. बहुतेकदा चूक एकच असते: थेंब पुवाने भरलेल्या कानात पडतात, वरच्या वर राहतात आणि मान सरळ केली की गालावर ओघळतात. औषध आत गेलेलंच नसतं.

स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची पट्टी घ्या आणि पिळून तिचं टोकदार काकडं करा. कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. काकडं आत सरकवा, ओलं झालं की काढा, टाकून द्या, नवं घ्या. शेवटचं काकडं कोरडं बाहेर येईपर्यंत हे करायचं. काडीला कापूस गुंडाळून आत घालू नका. आत काही ठेवूनही देऊ नका, बोळा बसवला की पू आतच कोंडतो.

मग मुलाला कुशीवर निजवा. बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरा, गार थेंबांनी चक्कर येते. थेंब टाकल्यावर कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा दाबा आणि मुलाला पाच मिनिटं तसंच राहू द्या. "घशात कडू लागतंय" असं मूल म्हणालं तर औषध पडद्यातून पार गेलं, याहून चांगली खूण नाही. आईकडून हे एकदा समोर करवून घ्या, नुसतं सांगून जमत नाही. पाच दिवसांनी पुन्हा बघा.

नुसतं टिपणंही पुरत नाही. केनियातल्या शाळकरी मुलांवरच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसते टिपलेले कान काहीच न केलेल्या कानांपेक्षा बरे झाले नाहीत. टिपण्याला औषधांची जोड दिली तेव्हा कितीतरी जास्त कान कोरडे झाले.

प्रश्न: घरात जेंटामायसिनचे जुने थेंब आहेत. ते चालतील? की तेल टाकू?

उत्तर: दोन्ही नको. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन आतल्या कानापर्यंत गेलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. उघडून बरेच दिवस झालेली बाटली तर टाकूनच द्या. कानाचे सिप्रोफ्लॉक्सासिन थेंब मिळत नसतील तर त्याच औषधाचे डोळ्यांचे थेंब डॉक्टरांना विचारून कानात वापरता येतात. कानाचे थेंब डोळ्यात मात्र कधीही नाही.

प्रश्न: वीस वर्षांपासून माझ्या कानातून थोडासाच, पण फार घाण वास येणारा पू येतो. अलीकडे चक्करही येते. थेंब चालू ठेवू का?

उत्तर: थेंबांवर थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. हा कोलेस्टिॲटोमा असू शकतो. यात पडद्याची कातडी आत वाढते आणि हाड पोखरत जाते. त्यावर शस्त्रक्रियाच लागते. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, तीव्र डोकेदुखी, ताप, मान ताठरणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: मुलीचा कान कोरडा झाला, पण पडद्याला भोक आहे. ऑपरेशनला पैसे नाहीत.

उत्तर: आधी मनावरचं ओझं उतरवा. कोरड्या कानातल्या साध्या भोकाचं ऑपरेशन थांबू शकतं. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाजूला बसवा आणि नंतर काढा. बुड्या मारून पोहणं टाळा. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर ते बंद झालं पाहिजे, त्या धुराने मुलांचे कान बिघडतात. आणि ऐकू किती येतं हे तपासून घ्या.

प्रश्न: माझ्या वर्गातल्या एका मुलाचा कान वाहतो. त्याचं लक्ष नसतं, शेजारी कोणी बसत नाही.

उत्तर: गुरुजी, त्याला बहुधा ऐकूच येत नसेल. त्याच्या मागे उभं राहून हळू आवाजात हाक मारून बघा. पहिल्या बाकावर बसवा, चांगला कान तुमच्याकडे येईल असा, आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका. शेजारी बसल्याने हा आजार कोणाला लागत नाही, हे इतर मुलांना तुम्हीच सांगा. पालकांना बोलावून घ्या आणि हा मजकूर त्यांना वाचून दाखवा.