सोलरवालं घर विकताना

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. घर स्वतंत्र, वर सपाट गच्ची, महिन्याला साधारण ३०० युनिट वीज लागते. मुलगा सोलर बसवा म्हणून मागे लागलाय. ज्यांच्याकडे चौकशी केली ते म्हणतात, ३ किलोवॉट बसवा, पाच वर्षांत पैसे वसूल, शिवाय घराची किंमत वाढेल ती वेगळीच. आमचा मात्र सातेक वर्षांत हे घर विकून, जिने चढावे लागणार नाहीत अशा लहान घरात जायचा विचार आहे. मग हा खर्च करावा का? की नव्या मालकाच्या विजेची सोय आम्ही करून ठेवायची?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. आम्ही पॅनेल बसवायचं काढलं तेव्हा आमच्या ह्यांनी जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. पुढे नऊ वर्षांनी ते घर आम्ही खरंच विकलं. त्यात घरांची मूल्यांकनं करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत. तेव्हा आधी सांगूनच टाकते : पॅनेलचे पैसे वीजबिलातून निघणार असतील तरच बसवा. घर विकताना चार पैसे वर मिळाले तर मिळाले, पण त्यांच्या भरवशावर खर्च करू नका.

आता ‘पाच वर्षांत वसूल’ बघू. हे खोटं असेलच असं नाही, पण कोणत्या गृहीतावर सांगितलंय ते विचारून घ्या. १ किलोवॉट पॅनेलमधून वर्षाला किती युनिट निघतील हे जागेवर ठरतं. ढगाळ, थंड प्रदेशात १,००० च्या आसपास, भरपूर ऊन असलेल्या प्रदेशात १,५०० च्या आसपास. आपण मधला आकडा धरू, १,३००. म्हणजे ३ किलोवॉटचे वर्षाला ३,९०० युनिट, महिन्याला ३२५. तुमची गरज ३००. बिल शून्य! विक्रेता इथेच वही मिटतो. तुम्ही मिटू नका, कारण पॅनेल वीज करतात दुपारी आणि घरातले दिवे-पंखे लागतात संध्याकाळनंतर.

दुपारची जास्तीची वीज मीटरमधून बाहेर जाते. काही ठिकाणी बाहेर गेलेलं युनिट आत आलेल्या युनिटातून सरळ वजा करतात. त्याला नेट मीटरिंग म्हणतात, आणि ते असेल तर पाच वर्षांचा हिशेब बरोबर ठरू शकतो. पण अनेक ठिकाणी बाहेर दिलेल्या युनिटला आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. समजा एक-तृतीयांश मिळाला आणि तयार झालेल्या विजेपैकी ४० टक्केच घरात वापरली गेली. मग १,५६० युनिटांचे पूर्ण पैसे वाचले, आणि बाहेर गेलेल्या २,३४० युनिटांचे मोल फक्त ७८० युनिटांएवढं. बेरीज २,३४०. सांगितलेल्या बचतीच्या ६० टक्के. पाच वर्षांची झाली आठ वर्षं चार महिने, आणि तुम्ही तर सातव्या वर्षी सामान बांधणार!

इथे तुमची निवृत्ती कामाला येते. दिवसभर घरात माणूस असलं की पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं मशीन, गीझर, इस्त्री हे सगळं दहा ते तीनच्या मध्ये उरकता येतं. घरातला वापर ४० वरून ६५ टक्क्यांवर नेलात तर वरच्याच हिशेबाने साडेसहा वर्षांत पैसे निघतात. मी आमच्या गीझरला टायमर लावला होता. ह्यांना अंघोळ दुपारी करावी लागते म्हणून पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, मग टाकीतलं पाणी रात्रीपर्यंत गरम राहतं हे लक्षात आलं आणि कुरकुर थांबली. बाहेरच्या विजेला दर फारच कमी असेल तर ३ ऐवजी २ किलोवॉट बसवा. लहान संच वीज कमी करतो, पण त्यातली जास्त वीज घरातच वापरली जाते.

आता घराच्या किमतीकडे. कामावर असताना एक गृहस्थ आले होते, हातात सोलरचं बिल. बसवून सहा वर्षं झालेली. म्हणाले, घराची किंमत काढा आणि हा आकडा त्यात मिळवा. मी विचारलं, स्वयंपाकघराच्या कपाटांचं बिलही मिळवू का? ते रागावले. पण मूल्यांकन खर्चाच्या बिलावर होत नाही. आम्ही आधी बघतो ते आजूबाजूला तशीच घरं कितीला गेली. त्यात सोलरवाली घरं पुरेशी विकली गेली असतील तर फरक स्वच्छ दिसतो, एखाद-दुसरंच असेल तर काही सांगता येत नाही. मग दुसरी वाट : आज तोच संच नवीन बसवायला किती लागतील, त्यातून वापरलेली वर्षं वजा. तिसरी वाट म्हणजे पुढच्या वर्षांत होणाऱ्या बचतीचं आजचं मोल. गंमत बघा, पॅनेल दरवर्षी स्वस्त होत गेली की दुसऱ्या वाटेने तुमच्या जुन्या संचाची किंमत झपाट्याने उतरते, मग तुम्ही तेव्हा कितीही मोजलेले असोत. त्या गृहस्थांचं नेमकं तेच झालं होतं.

याचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आठ राज्यांतल्या, २००२ ते २०१३ मधल्या सुमारे २२,००० घरविक्री तपासल्या, त्यांतल्या ४,००० च्या आसपास घरांवर पॅनेल होती. सोलरवाल्या घरांना जास्त किंमत मिळाली होती, हे खरं. विक्रेते एवढंच सांगतात. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक, पॅनेल जसजशी जुनी तसतशी ती वाढ कमी. दुसरी, अभ्यासात फक्त मालकीची पॅनेल धरली होती, भाड्याची नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पैसे न भरता बसवून देतो, वीस वर्षं महिन्याला थोडं भरा, असा करार तुमच्यापुढेही येईल. अशा एका घराचं काम माझ्याकडे होतं. खरेदीदाराला घर पसंत, किंमत पसंत, पण चौदा वर्षं उरलेला कोणा तिसऱ्याचा करार अंगावर घ्यायला तो तयार होईना. करारात दरवर्षी हप्ता वाढायची अटही होती. शेवटी मालकाने पदरचे पैसे भरून करार मोडला. घर विकायचा विचार मनात असेल तर ही वाट धरूच नका. कर्ज काढून बसवलीत तर विकण्याआधी ते फेडून टाका.

आमच्या घराचं काय झालं, तेही ऐका. पहिला खरेदीदार गच्चीवर गेला आणि म्हणाला, हे सगळं काढून द्याल का, मला बाग करायची आहे. दुसऱ्या जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, बिलं आहेत का? माझ्याकडे तीन वर्षांची होती, महिन्यानुसार लावलेली. त्या तिथेच जिन्यावर बसल्या आणि एकेक बघत गेल्या. सौदा आठवड्यात झाला. किंमत थोडी वर मिळाली, पण त्यातलं पॅनेलमुळे किती आणि घर आवडलं म्हणून किती, हे मी, अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची बाई, छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

वजाबाकी मात्र स्वच्छ दिसली होती. संच बसवणाऱ्यांनी स्टँडचे पाय गच्चीला भोकं पाडून आवळले आणि खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फोडला. दुसऱ्या पावसात झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. मूल्यांकनाला गेल्यावर मी सर्वांत आधी छताकडे बघत असे. त्यात आता माझंच छत! ओलीचा एक डाग घराची जेवढी किंमत उतरवतो तेवढी पॅनेल चढवत नाहीत. म्हणून गच्चीची दुरुस्ती पाच-सात वर्षांत निघणार असेल तर ती आधी करून घ्या, नाहीतर सगळा संच उतरवून पुन्हा चढवायचा खर्च बसतो. आणि शक्य असेल तिथे भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभे करायला सांगा. ठोकळ्यांचं वजन छताला झेपेल का आणि वाऱ्याच्या जोराला ते पुरेल का, हे तुमच्या तिथल्या इंजिनियरकडून लिहून घ्या.

पॅनेल स्वतः टिकाऊ असतात. वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता कमी होते, २५ वर्षांची हमी सर्रास मिळते. आधी थकतो तो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारी पेटी, दहा ते पंधरा वर्षांत. तुम्ही विकाल तेव्हा तो सात वर्षांचा असेल आणि जाणता खरेदीदार ते बोलून दाखवेलच. हमीपत्रं नव्या मालकाच्या नावावर होतात का, हे आजच विचारून ठेवा. आणि पॅनेल, इन्व्हर्टर, मीटर हे सगळं घराबरोबर दिलं, असं विक्रीच्या करारात स्पष्ट लिहा.

थोडक्यात तुमच्यापुरतं : सरळ वजाबाकीचं मीटर मिळत असेल आणि गच्ची धड असेल तर बसवा. मिळत नसेल तर २ किलोवॉट, आणि गीझरला टायमर. दोन्ही नसेल जमणार तर मुलाला सांगा, त्याच्या गच्चीवर बसव.

प्रश्न : आमच्याकडे मागच्या वर्षी पॅनेल बसवली. परवा भर दुपारी वीज गेली तर घरातलंही सगळं बंद. ऊन कडक होतं. संचात बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, उलट संच शहाण्यासारखा वागला. बाहेरच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःला बंद करतो. नाहीतर तुमची वीज उलटी तारांमध्ये जाईल, आणि खांबावर चढलेला माणूस लाइन मेलेली आहे असं समजून तिला हात लावेल. वीज गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. खर्च बराच वाढतो. वीज महिन्यातून एकदा तासभर जात असेल तर मी तो करणार नाही. बसवणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं, एवढी तक्रार मात्र रास्त आहे.

प्रश्न : उन्हाळा सुरू झाल्यावर आमची वीज वाढण्याऐवजी थंडीतल्या स्वच्छ दुपारींपेक्षाही कमी दिसते. पॅनेल धुतली तरी फरक नाही. शिवाय सकाळी नऊपर्यंत टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. एवढ्याशा सावलीने काय होणार?

उत्तर : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर लिहिलेले वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. कडक दुपारी काच-पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के क्षमता उतरते. ४० अंशांचे झाले १४ टक्के. पॅनेल आणि गच्चीमध्ये वीतभर वारा खेळता असेल तर तापमान थोडं कमी राहतं. तुमची अगदी चिकटून बसवली आहेत का ते बघा. धुवायचं ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

टाकीची सावली मात्र दिसते तेवढी लहान नाही. पॅनेलमधल्या पट्ट्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, एक अडली की तिच्या रांगेतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. म्हणून आत बहुधा तीन डायोड असतात, ते अडलेली रांग वगळून वीज पुढे नेतात. कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा त्यामुळे बंद पडू शकतो. पण तुमची सावली नऊला सरते, आणि त्याआधी वीज तशीही थोडीच होते. तेवढ्यासाठी टाकी हलवू नका. ती सावली बारा वाजता असती तर मी उलट सांगितलं असतं.