गुरुत्वाकर्षण की नुसतं गुरुत्व? आणि स्पेसटाइमला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेच्या थिअरीला पर्याय म्हणून ज्या थिअऱ्या मांडल्या गेल्या त्यांच्यावर मराठीत लिहिताना ग्रॅव्हिटीला 'गुरुत्वाकर्षण' म्हणायचं का नुसतं 'गुरुत्व', कारण दोन्ही वाचायला मिळतात, आणि स्पेसटाइमसाठी (जागा आणि वेळ एकत्र गुंफून धरलेली एकच गोष्ट) अवकाशकाल, काल-अवकाश, दिक्काल यातलं काय घ्यायचं.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो, या विषयात गुरुत्व. गुरुत्वाकर्षण चुकीचं आहे असं अजिबात नाही, न्यूटनबद्दल लिहीत असाल तर तोच शब्द हवा. पण त्यात नुसतं घटनेचं नाव नाहीये, तिचं स्पष्टीकरणही आधीच कोंबून बसवलंय, की वस्तू खाली येते कारण तिला कोणीतरी ओढतंय. आणि पर्यायी थिअऱ्यांचं सगळं भांडण बऱ्याचदा तिथेच असतं ना, की मुळात कोणी ओढतंय का?

अठराव्या शतकात जिनिव्हाच्या ल साज यांनी मांडलं होतं की अवकाशात सगळीकडून अतिसूक्ष्म कण धावत असतात, दोन वस्तू एकमेकींच्या आड आल्या की त्या बाजूने मारा कमी होतो आणि बाहेरच्या बाजूचे कण त्यांना जवळ ढकलतात. म्हणजे आकर्षण शून्य, नुसती ढकलाढकली. (ही कल्पना पुढे पडली, एवढा मारा झाला तर वस्तू तापून लाल व्हायला हव्यात अशी हरकत मॅक्सवेलने घेतली होती.) आता याला 'गुरुत्वाकर्षणाचा ढकलण्याचा सिद्धांत' लिहिलं की वाचणारा तिथेच अडखळणार. तसंच २०१० मधली एरिक व्हर्लिंडे यांची मांडणी घ्या, तिच्यात गुरुत्व हे मूलभूत बलच नाही, तापमानासारखं, म्हणजे खालच्या पातळीवरच्या असंख्य सूक्ष्म घडामोडींमधून वर आलेलं काहीतरी. आणि लांब कशाला जायचं, आइन्स्टाइनच्या १९१५ च्या थिअरीतही ओढाओढ नाहीच, वस्तू वाकलेल्या अवकाशकालातल्या त्यातल्या त्यात सरळ वाटेने जात असते. वर त्याच थिअरीत दाब पुरेसा ऋण असला तर गुरुत्व दूर लोटतं, १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय असं दिसल्यापासून डार्क एनर्जीबद्दल (हे प्रसरण वाढवणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) हे सारखं लिहावं लागतं, तेव्हा 'दूर लोटणारं गुरुत्वाकर्षण' हा चक्क वदतोव्याघात होतो.

उलट मॉन्ड, म्हणजे १९८३ साली मिल्ग्रोम यांनी मांडलेली सुधारित न्यूटनीय गतिकी, तिथे गुरुत्वाकर्षण खुशाल लिहा. तिच्यात ओढ शाबूत आहे, फक्त त्वरण फारच कमी झालं (पृथ्वीवर वस्तू पडताना असतं त्याच्या साधारण आठ हजार कोटीव्या हिश्श्याइतकं) की न्यूटनचा हिशोब बदलतो आणि दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) कडेचे तारे इतक्या जोरात का फिरतात ते डार्क मॅटरशिवाय, म्हणजे न दिसणारं जादा द्रव्य न मानता, सांगता येतं, असा दावा.

नुसतं 'गुरुत्व' उघडंबोडकं वाटतं असं म्हणाल तर गुरुत्वमध्य, विशिष्ट गुरुत्व, गुरुत्वीय त्वरण हे शाळेपासून वापरतोच की. आणि शब्द जुनाही आहे. वैशेषिक या प्राचीन दर्शनाच्या सूत्रांत 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्' असं आहे, म्हणजे आधार गेला की वस्तू गुरुत्वामुळे पडते, आणि तिथे गुरुत्व हा पडणाऱ्या वस्तूचाच गुण, ओढणारं कोणी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत मात्र पृथ्वीला आकृष्टिशक्ती आहे आणि ती जड वस्तूला स्वतःकडे खेचते. म्हणजे आपल्या 'गुरुत्वाकर्षण' या एका शब्दात दोन वेगवेगळी मतं शेजारी शेजारी नांदतायत, मला तर हे भारीच वाटतं.

आता स्पेसटाइम. अंतराळ नको, ते उपग्रह आणि यानांसाठी राहू दे. 'अवकाश'ची गंमत अशी की मराठीत तो जागेइतकाच वेळेचाही शब्द आहे, 'निकालाला अजून अवकाश आहे', 'यथावकाश कळवतो', यात जागेचा काय संबंध? त्यामुळे काटेकोरपणे बघितलं तर दिक्काल जास्त नेमका. वैशेषिकांकडे आकाश, काल आणि दिक् ही तीन वेगळी द्रव्यं आहेत, आकाश हे शब्दाचं म्हणजे ध्वनीचं अधिष्ठान, आणि लांब-जवळ, पूर्व-पश्चिम हा व्यवहार ज्याच्यामुळे होतो ती दिक्. शिवाय परत्व-अपरत्व (लांबपणा-जवळपणा) ही जोडी ते दोन्हीकडे वापरतात, जागेने लांबचा तोही पर आणि वयाने मोठा तोही पर. (म्हणून सापेक्षता आपल्याकडे आधीच होती असं सांगत कृपया कोणी धावत येऊ नका, तसं काही नाहीये.)

पण दिक्काल म्हटल्यावर बहुतेकांना भर्तृहरीचा 'दिक्कालाद्यनवच्छिन्न...' हा श्लोक आठवतो, फिजिक्स नाही, त्यामुळे मी स्वतः अवकाशकाल लिहितो. फक्त एक करा, मधली जोडरेघ काढा आणि एकवचनी चालवा. 'अवकाशकाल वाकतो' असं लिहा, 'अवकाश आणि काळ वाकतात' नको. १९०८ मध्ये गणितज्ञ मिन्कोव्स्कीने दोन्ही एकत्र गुंफले ते काही सोयीसाठी नव्हते. सूर्याजवळून जाणारा प्रकाश किती वळतो याचं गणित आइन्स्टाइनने १९११ मध्ये केलं तेव्हा साधारण ०.८३ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आलं, आजच्या आकड्यांनी ०.८७, कारण त्यात फक्त काळाचा हिस्सा धरला होता, १९१५ मध्ये अवकाशाची वक्रताही आली आणि आकडा दुप्पट, १.७५ झाला, १९१९ च्या सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या मंडळींनी पडताळला तो हाच. म्हणजे अर्धं काम काळाचं, अर्धं अवकाशाचं. आणि नुसतं 'अवकाशाची वक्रता' लिहिणारे बरेच आहेत, त्यांनी हे बघावं की फांदीवरून सुटलेलं फळ खाली येतं ते जवळजवळ सगळं काळाच्या हिश्श्यामुळेच, जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्यापेक्षा हळू चालतं त्याच्यामुळे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगाचा परिणाम वजा जाऊनही दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते धरूनच सिस्टिम चालते.

जाता जाता, 'पर्यायी' हा शब्दही सगळ्यांना सरसकट लावू नका. १९६१ ची ब्रान्स-डिकी किंवा साठच्या दशकातली हॉइल-नारळीकर थिअरी भौतिकशास्त्रज्ञ माखच्या विचारातून आली, वस्तूचं जडत्व बाकीच्या विश्वामुळे ठरतं या कल्पनेतून, ते खरे पर्याय. आइन्स्टाइनच्याच समीकरणात एखादी पदावली वाढवली असेल तर 'सुधारित' म्हणा. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून सुटलेल्या गुरुत्वीय लहरी (अवकाशकालातले तरंग) आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले, तेव्हा लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा सांगणाऱ्या बऱ्याच थिअऱ्या एका फटक्यात बाद झाल्या, त्यांच्यासाठी सरळ 'बाद झालेल्या' लिहा.