नागदेव नाव ठेवावं का?

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

मुलगा झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. पणजोबांचं 'नागदेव' हे नाव त्याला ठेवावं का, असं तू विचारलंस. नाव जुनाट आहे, शाळेत पोट्टे साप म्हणून चिडवतील, असं घरच्यांचं म्हणणं. मला विचारशील तर अवश्य ठेव. मात्र निव्वळ पणजोबांचं म्हणून नको. ते नाव आधी कोणाकोणाचं होतं, हेही जाणून घे.

अर्थ तर सरळ आहे, नाग आणि देव. संस्कृतात नाग म्हणजे हत्तीसुद्धा, पण श्रावणात पचमढीच्या नागद्वाराला निघालेल्या आपल्या माणसाच्या मनात हत्ती नसतो. आपल्याकडचे म्हातारे नागोराव, नागोजी याच गोतावळ्यातले. 1956 साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडलं ते सांगताना, बुद्धाचा धर्म भारतभर नेणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली होती. तेव्हा 'साप' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला पोराकडे पुष्कळ काही असेल. नाव दक्षिणेतही जुनं आहे. दहाव्या शतकात कन्नड मुलखातल्या दानशूर अत्तिमब्बेचा नवरा नागदेव नावाचाच होता, चालुक्यांचा सेनानी.

मला मात्र या नावाबरोबर आपलं मोर्शीकडचं रिद्धपूर आठवतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामी गेल्यानंतर तिथे स्वामींच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या, सेवेत राहिले आणि पुढे महानुभाव पंथाचे पहिले आचार्य झाले. म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास 'लीळाचरित्रा'साठी स्वामींच्या आठवणी जमवल्या, त्यातल्या कितीतरी नागदेवांनी सांगितलेल्या. आपल्या भाषेतला तो आद्य गद्यग्रंथ, आणि त्यामागे या माणसाची स्मरणशक्ती आहे.

त्यांची एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचायचं मनात आणलं तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, हे त्यांचं कारण. विचार कर, विद्वानांत मान मिळवायचा तर संस्कृतच हवी, असा तो काळ. त्यात हा आचार्य पंथातल्या म्हाताऱ्या बायांची काळजी करतो! आपल्या आज्या-पणज्यांना कळेल असं लिहा, हे सातशे वर्षांपूर्वी ठणकावून सांगणारा माणूस म्हणजे नागदेव. मला याहून मोठं नाव सुचत नाही.

मोबाईलवरच्या नावांच्या याद्या बघू नकोस, असं मी म्हणत नाही. पण तिथे बऱ्याचदा कुठल्याही नावापुढे 'तेजस्वी' नाहीतर 'ईश्वराची देणगी' लिहून मोकळे होतात. अर्थ शब्दकोशात बघ, आणि ते नाव लावणारी माणसं कशी जगली तेही बघ. सूनबाईचं मनही विचार. तिला दुसरं नाव आवडत असेल तर जबरदस्ती करू नको, नाव दोघांचं आहे.

घाईही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत कर, नाव नंतर टाकता येतं, बारा महिन्यांपर्यंत शुल्कही नाही. टाकशील तेव्हा इंग्रजी स्पेलिंग एकदाच नक्की कर आणि आधारला, शाळेत सगळीकडे तेच ठेव. त्या एका अक्षरापायी पोरांना पुढे तहसीलच्या चकरा माराव्या लागतात.

बारशाची तारीख कळव.

तुझा,
गुरुजी