वेबसाइटचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

प्रश्न: ताई, आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही आणि साइट आता उघडतच नाही. कार्यकारिणी म्हणते, फेसबुक पुरे. मला मात्र वाचनालयाच्या वेळा, नवी पुस्तकं, व्याख्यानमाला हे सगळं एका जागी हवंय. मी निवृत्त शिक्षक. वेबसाइट बनवायचं ते वर्डप्रेस सॉफ्टवेअर मला जमेल का? (सचिव, जि. सातारा)

उत्तर: सर, जमेल. पण वर्डप्रेसच्या आधी कागदपत्रांचं बघा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कायमचा विकत मिळत नाही. तो मुदतीवर मिळतो, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी. तुमची मुदत संपली असणार आणि नूतनीकरणाची पत्रं त्या मुलाच्या ईमेलवर जात असणार. नवा पत्ता वाचनालयाच्या नावाने, वाचनालयाच्याच ईमेलवरून घ्या. ओटीपीसाठी नंबर वाचनालयाचाच द्या, कोणाच्या भाच्याचा नको. पासवर्ड बंद पाकिटात घालून खजिनदारांकडे ठेवा आणि नूतनीकरणाचा महिना इतिवृत्तात नोंदवा. साइट बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच. संगणकाला उगाच बोल लागतो.

वर्डप्रेस 2003 पासून आहे आणि फुकट आहे. वापरायच्या तऱ्हा दोन. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची इंटरनेटवरची जागा, भाड्याने घेऊन ते स्वतः बसवलं तर स्वस्त पडतं, पण अपडेट आणि बॅकअप तुमच्या गळ्यात येतात. घुसखोर बहुतेकदा शिरतात ते जुन्या, विसरलेल्या प्लगइनमधून, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून. वर्डप्रेस डॉट कॉमवर पैसे भरून साइट घेतली तर ही उस्तवार कंपनी करते. तुमच्याकडे पगारी माणूस नाही, तेव्हा दुसरी तऱ्हा घ्या. तरी वर्षातून एकदा ‘टूल्स’मधून ‘एक्सपोर्ट’ करून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. त्या फाइलमध्ये मजकूर येतो, फोटोंचे फक्त दुवे असतात. मूळ फोटो वेगळे जपा.

‘पेज’ आणि ‘पोस्ट’ यांत घोळ करू नका. वेळा, वर्गणी, पत्ता, इतिहास ही पेजेस. व्याख्यान, नवी पुस्तकं, सुट्टीची सूचना या पोस्ट. त्या तारखेप्रमाणे आपोआप खाली सरकतात. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये जाऊन मुखपृष्ठ म्हणून एक स्थिर पेज लावा, नाहीतर येणाऱ्याला आधी गेल्या गणपतीची सूचना दिसेल.

आता मराठीची खास दुखणी. पोस्टचं शीर्षक मराठीत लिहिलं की तिचा दुवाही मराठीतच तयार होतो. तोच व्हॉट्सॲपवर चिकटवला की बरेचदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि सभासदांना वाटतं व्हायरस आला. या माळेत देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, नऊ चिन्हं खातं. वर्डप्रेस शीर्षकातून बनलेला हा भाग 200 चिन्हांवर तोडतं, म्हणजे बाविसाव्या अक्षरालाच तुमचं शीर्षक संपतं. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी ‘स्लग’च्या, म्हणजे दुव्यातल्या याच भागाच्या, चौकटीत रोमन लिपीत दोन शब्द टाका. शीर्षक मराठीतच राहू द्या.

दुसरं, छापखान्यातून आलेला वार्षिक अहवाल बहुधा जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल. तो तसाच चिकटवलात तर पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतील. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर वाचता येणाऱ्या लिपी-पद्धतीत, रूपांतर करून घ्या. त्यात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घाला. शाळेत इतकी वर्षं वह्या तपासल्यात, हे तुम्हाला जड नाही.

वर्डप्रेसमध्ये ग्रंथपालांना ‘एडिटर’ करा, म्हणजे मजकूर टाकायचे अधिकार द्या; सगळे अधिकार असलेले ‘ॲडमिन’ तुम्ही आणि आणखी एक पदाधिकारी. फेसबुक चालू राहू द्या, फक्त तिथे पूर्ण सूचना न टाकता पोस्टचा दुवा टाका.