नवऱ्याची राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक म्हणून नेमणूक झाली आहे. दोन लहान मुलांना घेऊन जंगलातल्या क्वार्टरमध्ये राहायला जावं, की शहरात खोली करावी?

ताई, जा. मुलं लहान आहेत तोवर तरी सोबतच राहा.

वाघाची भीती, मुलांची शाळा आणि “तिथे दिवसभर करमतं का” असं तिन्ही तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन्हींवर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ते तिसऱ्यामुळे, कारण करमण्यावरून आमच्या घरात जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

माझे मिस्टर वनरक्षक म्हणून लागले, आता वनपाल आहेत. नोकरीची बरीच वर्षं ताडोबात गेली, दोन्ही मुलं तिथल्याच क्वार्टरमध्ये चालायला शिकली. ताडोबा म्हणजे १९५५ चं, राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. मुंबई-पुण्याहून लोक वाघ बघायला येतात. त्यामुळे नातेवाइकांना आमचं आयुष्य म्हणजे कायमची सहल वाटते.

वाघाचं आधी उरकते. क्वार्टरमध्ये राहून रोज वाघ दिसतो, हे खोटं आहे. वाघ दिसतो तो सकाळ-संध्याकाळ जिप्सीतून, म्हणजे पर्यटकांच्या उघड्या गाडीतून, पाणवठे फिरणाऱ्यांना. आम्हाला दिसतात ते हापशीजवळच्या चिखलातले पंजे, आणि ते दिसले की त्या दिवशी पोरं अंगणात सोडायची नाहीत. खरी भीती अस्वलाची. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वल मोहाच्या झाडाखाली फुलं खाण्यात गुंग असतं आणि दचकलं की थेट अंगावर येतं. मोह पडायला लागला की पहाटे त्या झाडांकडे फिरकायचं नाही. त्याहून वाईट मण्यार. रात्री घरात शिरते, चावलेलं कधी कधी कळतही नाही. जमिनीवर अंथरूण घालू नका, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा, बूट झटकल्याशिवाय पाय घालू देऊ नका. कुत्रं पाळू नका, बिबट्या घरापर्यंत येतो.

आता करमण्याचं. कोअरमध्ये, म्हणजे उद्यानाच्या आतल्या भागात, मोबाइलला रेंज नाही. वायरलेसचा सेट असतो, आणि आमच्या सगळ्या बायकांचं आयुष्य त्या सेटभोवती चालतं. त्यावर कामाचंच बोलायचं असा नियम, आणि तो पाळलाही जातो. पण कामाच्या बोलण्यातूनच सगळं कळतं. “अमुक कॅम्पवरचा मजूर आज गस्तीला नाही, गावाकडे गेला” एवढं ऐकलं की इकडे आम्ही ओळखतो, बायको बाळंत झाली. सोलर पंप बंद पडला, ट्रॅप कॅमेरा हत्तीने नाही तर वानरांनी वाकडा केला (आमच्याकडे मोहीम असली की पाळीव हत्ती फिरतात), कुणाच्या पोराला ताप आला, कुणाच्या बदलीचा कागद निघाला, सगळं संध्याकाळपर्यंत दारोदारी पोचलेलं असतं. आणि रात्रीच्या हजेरीला एखाद्या कॅम्पचा आवाज उशिरा आला, तर चारही क्वार्टरांतले गॅस बंद होतात. सगळ्या जणी ओट्यावर येऊन उभ्या राहतात. आवाज आला की कुणी काही न बोलता पुन्हा आत. शहरात खोली करून राहाल तर हा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही आणि काळजी तर तेवढीच राहील.

बाहेर यातली एकही बातमी जात नाही. वाघिणीला बछडे झाले की पेपरात रंगीत फोटो. माझ्या पुतण्यांना माया, मटकासुर, वाघडोह ही वाघांची नावं तोंडपाठ होती. काकाचा हुद्दा विचारला तर “ते जंगलात असतात”.

हेच पुतणे, भासरे (मिस्टरांचे मोठे भाऊ) आणि मोठ्या जाऊबाई एकदा मे महिन्यात नागपूरहून आले. सोबत शेजारचं एक कुटुंब. मोहर्ली गेटवरून दुपारच्या फेरीचं बुकिंग केलेलं, पण परवान्यावर नावं सहा आणि माणसं त्याहून जास्त. जाऊबाईंचं म्हणणं, “घरचाच माणूस आहे, गेटवर सांगेल.” घरचा माणूस गेटवर काही सांगू शकत नाही, ताई. परवान्यावरचं नाव आणि ओळखपत्र जुळलं नाही तर वनपाल काय, साहेबाचा पाहुणासुद्धा परत फिरतो, आणि फिरलाच पाहिजे.

त्यात नेमकी त्या दिवशी आग लागली. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्याकडे वणव्याचा हंगाम, त्या काळात रजा विसरायची. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा मेसेज ऑफिसला येतो, तिथून वायरलेसवर, आणि मग हातात असेल ते सोडून पळायचं. मिस्टर ताटावरून उठले. जाऊबाई म्हणाल्या, “पाहुणे आलेत म्हणून साहेबांना सांगता येत नाही का?”

जंगलातली आग बंबाने विझत नाही, बंब तिथे पोचतच नाही. पानगळीचा थर ब्लोअरने, म्हणजे हवा फेकणाऱ्या यंत्राने, बाजूला सारायचा, मातीचा पट्टा मोकळा करायचा, वारा बघून समोरून उलटी आग लावायची, आणि जिथे ज्वाळा बुटक्या आहेत तिथे हिरव्या फांद्यांनी झोडपायचं. ब्लोअर पाठीवर, त्यात पेट्रोल, समोर आग, आणि वर चंद्रपूरचा मे, पंचेचाळीसच्या पुढचा. बांबूच्या रांजीत (बेटात) आग शिरली की कांडी फुटत जातात, तो आवाज क्वार्टरपर्यंत येतो. विझल्यावरही घरी येता येत नाही. पेटता ओंडका उतारावरून गडगडत खाली गेला की पट्ट्यापलीकडे नवी आग. म्हणून रात्रभर राखण. आणि ही आग बहुतेक वेळा आपोआप लागत नाही. मोहाखालची जागा साफ व्हावी, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कुणीतरी काडी ओढलेली असते.

दुपारी तीनला सेटवरून निरोप आला, माणसं वाढवलीत, जेवण आणि पाणी पाठवा. असं झालं की कुणाला सांगावं लागत नाही. एकीने पीठ काढलं, एकीने पिठल्याला कांदे चिरले, एकजण लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कॅनमध्ये भरायला बसली. नागपूरच्या त्या शेजारीणबाईंनी न विचारता पोळपाट ओढून घेतला. त्यांचं नाव मला आठवत नाही, पण त्यांच्या पोळ्या आठवतात. माझ्याकडे पाहुण्यांसाठी केलेला आमरस होता, घट्ट, भरपूर साखर घातलेला. सकाळपासून राबणाऱ्या माणसाला उन्हात पहिलं काय द्यावं? मी दोन्ही किटल्या भरल्या आणि जिपमध्ये ठेवल्या. जाऊबाई फेरीवरून परत आल्या तेव्हा त्यांच्या पानात पोळी, पिठलं आणि ठेचा होता.

मिस्टर मध्यरात्रीनंतर आले. भुवया जळलेल्या, बुटाचा तळ वितळून चपटा झालेला. भासरे बाजेवर जागेच होते. त्यांनी विचारलं, “काय रे, आगीने वाघ तिकडून हलले असतील ना? सकाळच्या फेरीला कुठे दिसेल?” मिस्टर म्हणाले, “दिसेल दादा,” आणि बूट न काढताच दुसऱ्या बाजेवर आडवे झाले. सकाळी त्यांना वाघ दिसला. दोन दिसले.

पुढच्या लग्नसराईत भर पंगतीत जाऊबाईंनी सांगितलं, “हिच्याकडे गेलो तर पाहुण्यांच्या वाटचा आमरस हिने मजुरांना वाटला. आणि हिला काय, बसल्या जागी फुकटात वाघ. आम्ही जिप्सीला पैसे मोजतो. तरी म्हणते तिथे काम असतं. काय काम असतं गं? करमतं तरी कसं तुला?” सासूबाई समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. आज सांगते. हो, मजुरांना वाटला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाटेन. ते मजूर आजूबाजूच्या गावांतले, बहुतेक गोंड आणि माना या आदिवासी जमातींचे. त्यांचे आजे-पणजे त्याच जंगलात राहत होते. उद्यानाचे फोटो छान येतात ते त्यांनी पाणवठे स्वच्छ ठेवले म्हणून, जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) वेळेवर काढल्या म्हणून. त्यांच्या पानात एक दिवस आमरस पडला तर एवढं काय बिघडलं?

आणि पर्यटन बंद म्हणजे आराम, हेही डोक्यातून काढा. मंगळवारी उद्यान बंद असतं, तो आमचा रस्ते आणि दुरुस्तीचा दिवस. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. तेव्हा गाड्या चिखलात रुततात म्हणून गस्त पायी चालते, गमबुटात, पाठीवर तांदूळ-डाळ घेऊन. दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर हे लोकांचे सण, म्हणून आमच्याकडे रजा नाही. आमच्या कॉलनीत दिवाळीचा फराळ दिवाळी उलटून गेल्यावर होतो. पोरांना तेच बरोबर वाटतं.

जाऊबाईंबद्दल एवढं लिहिलं, तर हेही लिहिते. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेचं पायी सर्वेक्षण चालू असताना कोलारा भागात एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. सोबतचे मजूर ओरडत होते, वाघीण तिला घेऊन आत गेली. बातमी सेटवर नीट कळली नाही, तुटक तुटक आली. आम्ही आधी सगळ्यांनी आपापल्या माणसाचा बीट, म्हणजे गस्तीचा नेमलेला भाग, मनात मोजला आणि मग रडलो. त्या दिवशी नातेवाइकांत पहिला फोन जाऊबाईंचा. त्या खरंच रडत होत्या, “हे बरे आहेत ना, बरे आहेत ना,” तीनदा विचारलं. फोन ठेवताना मात्र विचारलंच, “आमचं डिसेंबरचं बुकिंग आहे गं, बंद तर नाही ना करणार?” यावर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ताडोबा तलावाकाठी तारूचं ठाणं आहे. तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं इथले गोंड मानतात. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या जणी तिथे नारळ घेऊन गेलो. ज्या जंगलाचा देवच असा गेलेला आहे तिथे “वाघ दिसतो का” यापलीकडेही काही विचारण्यासारखं असतं.

शाळेचं राहिलंच. चौथीपर्यंत गावातली शाळा उत्तम. मास्तर एकेका पोराला ओळखतात आणि पोरं झाडं, पाखरं, ठसे असं जे शिकतात ते कुठल्या शिकवणीत मिळत नाही. पुढे मात्र अवघड आहे. आम्हीही मुलगी मोठ्या वर्गात गेल्यावर चंद्रपूरला खोली केली, म्हणजे जंगलात काही कायम राहता येत नाही हे जाऊबाईंचं म्हणणं शेवटी अर्धं खरं झालं असं त्या म्हणतात. मी तसं मानत नाही, कारण तोवरची वर्षं पोरांनी बापासोबत काढली. दिवस गेले असतील तर शेवटचे महिने माहेरी नाही तर शहरात काढा, पावसात रात्री रस्त्याचा भरवसा नाही. थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासा.

आणि तुम्ही उद्यान कोणतं ते लिहिलं नाही. मी सांगतेय ते ताडोब्याचं, जिथे डांबरी रस्ता आणि गावं जवळ आहेत. मेळघाटात आतल्या कॅम्पवर नेमणूक असेल तर पावसाळ्याआधी महिन्यांचा शिधा भरून ठेवावा लागतो, तिथे तान्हं मूल नेऊ नका. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात असेल तर उलट, स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ. तिथे शाळेचा प्रश्नच नाही, फक्त अंधारात मुलांना एकटं सोडू नका, बिबटे आहेत.

पाहुण्यांचं पहिल्याच महिन्यात ठरवून टाका. बुकिंग ऑनलाइन स्वतः करायचं, मूळ ओळखपत्र आणायचं, परवान्याबाहेरचं माणूस जिप्सीत बसणार नाही, आणि फेब्रुवारी ते जून घरचा माणूस घरी असेल असं धरायचं नाही. आमच्याकडे हे आता मिस्टर स्वतःच फोनवर सांगतात, दादांनासुद्धा.