राखीव निधी मोडून जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, दोन मुलं, गृहकर्जाची ११ वर्षं बाकी. १९७७ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकाऊ आहे. सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. विकणारा म्हणतो, "इंजिन फिरतं, खालून थोडा गंज आहे." राखीव निधीत सहा महिन्यांचा घरखर्च आहे. त्यातला चार महिन्यांचा काढून गाडी घ्यायची, दुरुस्तीसाठी १२ टक्क्यांनी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढायचं, काम दर रविवारी घरीच करायचं आणि तीन वर्षांनी विकून नफा मिळवायचा. पत्नीला अजून सांगितलेलं नाही. करावं का?

आधी उत्तर सांगून टाकतो. गाडी जरूर घ्या, पण या पैशांतून घेऊ नका आणि आज घेऊ नका. नफ्याचा विचार तर डोक्यातून पूर्ण काढून टाका. तुमच्या पत्रात दोन पानं गाडीबद्दल आहेत आणि ती वाचताना तुमची ओढ मला समजत होती, म्हणून हिशेब जरा खोलात जाऊन केला आहे.

गाडीची मागितलेली किंमत १०० धरू, पुढचे सगळे आकडे त्याच मापात. तुमच्या कागदावर दुरुस्तीचे ८० आहेत: इंजिन २५, ब्रेक आणि सस्पेन्शन १५, सीट, हूड (कापडी टप) आणि अंतर्गत काम २०, रंग २०. विक्री २४०, म्हणजे नफा ६०. या यादीत पत्र्याच्या कामाची ओळच नाही. विकणारा ज्याला "थोडा गंज" म्हणतो, त्यासाठी मी ४५ धरतो. वेल्डिंग मशीन, चांगले स्टँड, इंजिन उचलायची घोडी, ग्राइंडर, रंगाचा कॉम्प्रेसर यातलं तुमच्याकडे काही नाही, त्याचे १५. तीन वर्षांचा विमा आणि जागा, १२. ८० च्या कर्जावर १२ टक्क्यांनी ३६ महिन्यांत सुमारे १६ व्याज जातं. बेरीज २६८. शिवाय राखीव निधीतल्या १०० वर तुम्हाला सध्या मिळणारे ६ टक्के तीन वर्षांत चक्रवाढीने १९ होतात, तेही गेले. म्हणजे २८७. तुमची मजुरी मी धरलेलीच नाही. रविवारी पाच तास म्हटले तरी तीन वर्षांत ७०० च्या वर तास होतात.

आता विक्रीची बाजू. तुम्ही पाठवलेल्या तीन जाहिरातींपैकी दोन गाड्या १९७४ च्या आधीच्या, क्रोम बंपरच्या आहेत. तुमची १९७७ ची. १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या नियमांमुळे एमजीबीला जाड काळे रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच केली गेली. गाडी चालवायला आजही आनंद देते, पण बाजारात क्रोम बंपरला जो भाव मिळतो तो रबरी बंपरला सहसा मिळत नाही. शिवाय जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याने मागितलेला आहे, त्याच्या हातात पडलेला नव्हे. मी २०० धरेन. म्हणजे तुमच्या ६० च्या नफ्याच्या जागी ८७ चा खड्डा.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ५ लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही जवळपास सगळे नवे मिळतात. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे, कॉम्प्युटर नाही, स्पॅनरचा एक सेट आणि धीर असेल तर घरी शिकता येतं. म्हणूनच घरी काम करायला ही गाडी फार चांगली, आणि त्याच कारणाने तिचा भाव गगनाला भिडेल अशी आशा धरू नये. मुबलक असलेल्या गोष्टीवर कोणी जास्त पैसे मोजत नाही. तुमच्यासाठी ही खरं तर चांगली बातमी आहे: ही गाडी हातची गेली तर दुसरी येईल. घाई करायचं काही कारण नाही.

पत्र्याचे ४५ मी कुठून आणले, ते सांगतो, कारण सगळा निर्णय तिथेच अडकला आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम मुख्यतः दारांखालच्या दोन लांब पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून एकच पत्रा दिसतो, आत आणखी थर असतात, आणि टोकं पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आत लपलेली असतात. पाणी आणि चिखल नेमका तिथे साचतो. बऱ्याच गाड्यांत कोणीतरी सडलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता झाकणासारखा लावून, पुट्टी मारून, रंगवून दिलेला असतो. तो दिसायला छान आणि ताकदीला शून्य.

तपासायला पैसे लागत नाहीत. दार बंद करा आणि दार व मागचं मडगार्ड यांच्यामधली फट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती होत असेल तर गाडी मधून खचली आहे. मग गाडी जॅक लावायच्या जागेवर थोडी उचला आणि पुन्हा बघा. फट हलली किंवा दार अडकायला लागलं, तर सिल भार घेत नाही. लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून सावकाश फिरवा. जिथे त्याची पकड सुटते तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. सिल बदलताना आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो, आणि एका वेळी एकाच बाजूला हात लावायचा. तसं न केल्यास वाकलेल्या गाडीला नवं सिल कायमचं वाकडं बसतं. हे काम वेल्डिंग शिकून पहिल्याच महिन्यात करायचं नाही, म्हणून ते बाहेर द्यावं लागेल. नवं अख्खं कवचही १९८८ पासून मिळतं, पण त्याला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात चांगली चालू गाडी शोधता येते.

तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे ज्यावर मी ठाम नाही म्हणतो: "निधी तर पडूनच आहे." तो पडून नाही. नोकरी गेली, घरात कोणी आजारी पडलं, तर गृहकर्जाचा हप्ता त्याच्यातून जाणार आहे. तुमच्या योजनेत तो दोन महिन्यांवर येतो आणि त्याच वेळी दुसरा हप्ता सुरू होतो. अडचण आली तर सगळ्यात आधी तुम्ही गाडीच विकायला काढाल, आणि तेव्हा ती सुट्या भागांच्या खोक्यांत असेल. तो निधी तुमच्या दोघांचा आहे. पत्नीला सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नका. रविवारचे ७०० तासही तुमच्या एकट्याचे नाहीत.

मी हे स्वतः भोगलं आहे. पस्तिशीत एक जुनी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली आणि पहिल्या दोन महिन्यांत उत्साहाने सगळी उघडली. बोल्ट काचेच्या बरण्यांत भरले, बऱ्याच बरण्यांवर चिठ्ठीही लावली नाही. मग कामाचे सहा महिने वाईट गेले, पैसे थांबले, आणि नंतर बरण्यांकडे बघायची हिंमत झाली नाही. चार वर्षांनी ती खोक्यांसकट विकली, घेतलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमीत. जोडलेली, न चालणारी गाडीसुद्धा उघडलेल्या गाडीपेक्षा जास्त किमतीला जाते. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: परत जोडण्याइतके पैसे हातात असतील तेवढंच उघडा.

तर माझी मांडणी अशी. कर्जाचा जो हप्ता तुम्ही भरायला तयार होता तो आपल्या मापात महिन्याला २.६६ आहे. तो आजपासून वेगळ्या खात्यात टाका, वर्षाचे ३२ होतात. तुमचा वार्षिक बोनस साधारण २५ आहे, तोही त्यात. वर्षाअखेर ५७ झाले, निधीला धक्का नाही, कर्ज नाही. त्या खात्याला गाडीचं खातं म्हणा. गाडी, अवजारं, विमा, रंग, सगळं तिथूनच. खातं रिकामं झालं की काम थांबतं, गाडी झाकून ठेवायची. त्याच वर्षात वेल्डिंगचा एखादा वर्ग करा आणि कोणाच्या तरी गाडीवर हात चालवून बघा. दर रविवारी तेलात हात घालायला खरंच आवडतं का, हे आधी कळलेलं बरं.

आणि ८७ च्या खड्ड्याकडे पुन्हा एकदा बघा. ३६ महिन्यांत वाटला तर महिन्याला सुमारे २.४. एका छंदावर, मुलांना सोबत घेऊन शिकायच्या एका गोष्टीवर, दरमहा एवढा खर्च तुम्हा दोघांना पटतो का? पटत असेल तर तो तोटा नाही, छंदाची किंमत आहे आणि ती मोजायला माझी काही हरकत नाही. कर्जाचं व्याज आणि निधीचं बुडालेलं व्याज वगळलं की तो आकडा आणखी खाली येतो.

गाडी घेतलीत तर क्रम पाळा. आधी ब्रेक: सगळे रबरी पाइप, गळती रोखणारी रबरी सील, नवं ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, सात वर्षांचं तर टाकूनच द्यायचं. मग पेट्रोलच्या नळ्या आणि टाकी. टायर नक्षी बघून ठेवू नका, बाजूवरच्या चार आकड्यांवरून तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. मग पत्रा. रंग आणि सीट सगळ्यात शेवटी, कितीही मोह झाला तरी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावलेच पाहिजेत. घरात वेल्डिंग केलेलं घराच्या विम्याला चालतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. हाताला इजा होऊन काम बंद पडलं तर उत्पन्न देणारं विमा संरक्षण तुमच्याकडे नाही, ते गाडीच्या आधी बघा.

या आठवड्यात एवढंच करा: पत्नीला हे पत्र दाखवा, आणि शनिवारी लोहचुंबक, टॉर्च आणि जॅक घेऊन दोघं ती गाडी बघून या. दाराची फट मोजून मला कळवा. सिल शाबूत निघाली आणि विकणारा वर्षभर थांबायला तयार असेल, तर आपण ५० ला बोलणी सुरू करू. सिल सडलेली असेल तर ती गाडी तिथेच राहू द्या.